ठेवणीतल्या ब्लॉकनी फिरवलेला निर्णय: पॅनिटुमुमॅब आणि केरास

पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात जाते, फॉर्मेलिनमध्ये पक्की होते, तिचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक बनतात आणि त्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर (पातळ काप काढणारं यंत्र) काढलेल्या चार-पाच मायक्रॉनच्या कापांवरून निदान होतं. निदान झालं की ब्लॉक कपाटात जातो. मोठ्या रुग्णालयांत असे ब्लॉक वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांच्यावर पुढे जनुकीय तपासणी केली तर काय हाती लागतं आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका प्रकरणात, पॅनिटुमुमॅब हे औषध आणि केरास हे जनुक यांच्या, फार नीट दिसतं. प्रकरण युरोप-अमेरिकेतलं आहे आणि त्याची आकडेवारी जाहीर आहे. रुग्णांची ओळख मात्र त्यांच्या क्रमांकापलीकडे कुठेच नाही. औषध बनवणाऱ्या कंपनीचं नाव घ्यायची इथे गरज नाही.

पॅनिटुमुमॅब ही एक अँटिबॉडी आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर नावाच्या ग्राहीवर ती बसते आणि पेशीला 'वाढ' असा सांगावा देणारी वाट अडवते. २००४-०५ मध्ये या औषधाच्या ट्रायलमध्ये ४६३ रुग्ण घेतले गेले. सगळ्यांचा आजार पसरलेला होता आणि आधीच्या केमोथेरपीने हात टेकले होते. निम्म्यांना आधार-उपचारासोबत (गाठीवर नव्हे, त्रास कमी करण्यासाठीचे उपचार) औषध मिळालं, निम्म्यांना फक्त आधार-उपचार.

ट्रायलमध्ये शिरण्याची एक अट पुढे निर्णायक ठरली. गाठीच्या किमान १ टक्का पेशींवर ईजीएफआर दिसायला हवा, अशी ती अट. ते पाहायला इम्युनो स्टेनिंग (ठरावीक प्रथिन असेल तिथेच रंग चढवणं) करावं लागतं आणि स्टेनिंगला ऊती लागते. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या जुन्या ब्लॉकमधले काप प्रवेशाच्या वेळीच मध्यवर्ती प्रयोगशाळेत जमा झाले.

अडचण

निकाल आला तो धड यशही नव्हतं, धड अपयशही नव्हतं. आजार पुढे सरकण्यापर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) औषधाच्या गटात ८ आठवडे, दुसऱ्या गटात ७.३ आठवडे. गाठ लक्षणीय लहान झालेले रुग्ण एका गटात १० टक्के, दुसऱ्यात एकही नाही. एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. तो दिसणं कठीणच होतं, कारण आधार-उपचाराच्या गटातल्या ७६ टक्के रुग्णांनी आजार वाढल्यावर हेच औषध घेतलं.

अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने सप्टेंबर २००६ मध्ये औषधाला त्वरित मान्यता दिली. युरोपच्या औषध नियामक समितीने मे २००७ मध्ये नकार दिला. एवढ्याशा फायद्यासाठी दहापैकी नऊ जणांच्या अंगावर मुरमांसारखं पुरळ उठवणारं औषध कशाला, हा सवाल वावगा नव्हता.

दहातल्या एकाला फायदा होतो, तर तो एक कोण? ज्याच्या आधारावर रुग्ण निवडले, त्या ईजीएफआरच्या स्टेनिंगने याचं उत्तर दिलं नाही. डाग गडद असो की फिकट, औषध लागू पडण्याशी त्याचा संबंध लागेना. थोडक्यात, प्रवेशाची कसोटीच चुकीच्या गोष्टीवर बेतलेली होती.

याच सुमारास, २००६ मध्ये, फ्रान्समधल्या एका गटाने सेटुक्सिमॅब घेतलेल्या ३० रुग्णांच्या गाठी तपासल्या. सेटुक्सिमॅब हे त्याच ग्राहीवर काम करणारं भावंड औषध. त्यांपैकी १३ गाठींत केरास जनुकात बदल होता आणि औषध लागू पडलेल्या ११ जणांपैकी एकाच्याही गाठीत तो नव्हता. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. केरासचं प्रथिन ईजीएफआरच्या खालच्या पायरीवर असतं आणि बदललेलं प्रथिन कायम चालूच राहतं. वरची तोटी बंद केली तरी पाइप खाली फुटला असेल तर पाणी थांबत नाही. पण ३० रुग्णांवरून जगभरचं औषध कोणाला द्यायचं हे ठरत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ वाटणारा: नवी ट्रायल. आधी केरास तपासायचं, मग रुग्णांची वाटणी करायची. शास्त्राच्या दृष्टीने हेच सर्वांत चोख. पण त्यात वर्षं जातात आणि तोवर बाजारात असलेलं औषध सगळ्यांना दिलं जातच राहतं. शिवाय, काम करणार नाही असा दाट संशय असलेलं औषध केरास-बदल असलेल्या रुग्णांना मुद्दाम द्यायचं, हे कुठल्या एथिक्स कमिटीपुढे मांडणार?

दुसरा पर्याय म्हणजे रुग्णालयांतून औषध घेतलेल्या रुग्णांच्या आणखी मालिका गोळा करायच्या. हे स्वस्त आणि झटपट झालं असतं. यातली मेख मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. औषध न घेतलेला गट समोर नसेल तर 'केरास बदललेल्यांचा आजार मुळातच वाईट वागतो' आणि 'केरास बदललेल्यांना हे औषध लागू पडत नाही' ही दोन विधानं वेगळी करता येत नाहीत. पहिलं खरं असेल तरी औषध द्यायला हरकत नाही. दुसरं खरं असेल तर देऊ नये.

तिसरा पर्याय होता आधीच संपलेल्या ट्रायलच्या ठेवणीतल्या ऊतीकडे वळण्याचा. चिठ्ठी टाकून वाटणी झालेलीच होती, दोन्ही गट तयार होते, कोणाचं काय झालं हेही माहीत होतं. फक्त एक रकाना रिकामा होता. तो भरायचा, बस्स.

या पर्यायावर तीन आक्षेप होते आणि तिन्ही खरे होते. निकाल हाती असताना मागे वळून गट पाडले की हवं ते सिद्ध करता येतं. ऊती सगळ्यांची मिळाली नाही तर ज्यांची मिळाली ते बाकीच्यांसारखेच होते याची खात्री नसते. आणि मेणातला डीएनए खराब झालेला असतो.

ब्लॉकमधल्या डीएनएचं दुखणं

या शेवटच्या आक्षेपावर थोडं रेंगाळायला हवं, कारण 'पॅराफिन ब्लॉकवर टेस्ट होते' एवढं वाक्य ऐकून पुढे जाणारे बरेच असतात.

फॉर्मेलिन ऊती टिकवतं ते प्रथिनं आणि डीएनए यांना एकमेकांशी घट्ट बांधून. पेशींचा आकार त्यामुळे सुंदर राहतो, डीएनएचे मात्र हाल होतात. धागे तुटून बारीक तुकडे होतात. जुन्या ब्लॉकमधून काढलेला डीएनए बऱ्याचदा तीनशे अक्षरांच्या आत तुटलेला असतो. फॉर्मेलिन बफर केलेलं नसेल तर ते आम्ल होत जातं आणि तुटणं वाढतं. हाडाची गाठ आम्लात मऊ केली असेल तर पुष्कळदा आशाच सोडावी लागते.

दुसरं नुकसान जास्त फसवं असतं. डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचा अमिनो गट निघून जातो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी पद्धत) त्याला थायमिन म्हणून वाचतं. समोरच्या धाग्यावर हाच बदल जी या अक्षराच्या जागी ए असा दिसतो. आता केरासमधले खूप नेहमीचे दोन बदल पाहा: बाराव्या आणि तेराव्या कोडॉनमध्ये (जनुकातला तीन अक्षरांचा शब्द) ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी अॅस्पार्टिक अॅसिड. दोन्ही जी च्या जागी ए आल्यानेच होतात. फॉर्मेलिनची खोटी सही आणि कर्करोगाची खरी सही इथे हुबेहूब एक असते.

डीएनए भरपूर असेल तर खोटे बदल गर्दीत हरवून जातात. अगदी थोड्या रेणूंपासून पीसीआर सुरू केलं तर त्यातला एखादा खराब रेणूच वाढत जातो आणि रिपोर्टवर 'म्युटेशन आढळलं' असं उमटतं. असा रिपोर्ट म्हणजे एका रुग्णाला उपयोगी औषध नाकारणं. उलटी चूकही होते. कापात कर्करोगाच्या पेशी कमी आणि निरोगी आतडं, सूज, चरबी जास्त असेल तर असलेला बदलही सापडत नाही. म्हणून आधी पॅथॉलॉजिस्टने एच अँड ई स्लाइडवर (निदानासाठी नेहमीच्या रंगांनी रंगवलेला काप) गाठीचा भाग पेनाने आखायचा आणि तेवढाच भाग खरवडून घ्यायचा, ही साधी पायरी यंत्राइतकीच मोलाची आहे. दोन ब्लॉकच्या मध्ये मायक्रोटोमचं पातं बदलणंही तितकंच.

आणखी एक शंका घेतली जायची. ब्लॉक बहुतेकदा आतड्यातल्या मूळ गाठीचा, औषध द्यायचं ते यकृतात पसरलेल्या आजारासाठी, तर जुनी गाठ आजच्या आजाराबद्दल बोलेल का? केरासपुरतं उत्तर बरंचसं अनुकूल आहे. हा बदल गाठीच्या वाढीत लवकर होतो, त्यामुळे मूळ गाठ आणि पसरलेला आजार यांत तो बहुतेक वेळा जुळतो. प्रत्येक जनुकाबद्दल असं म्हणता येणार नाही.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला गेला आणि तो निभावला दोन शिस्तींमुळे.

विश्लेषणाचा आराखडा तपासणीआधी ठरवला गेला. कुठली गृहीतकं, कुठला क्रम, कुठला मुख्य निकष, हे सगळं निकाल पाहायच्या आधी कागदावर होतं. तपासणी करणाऱ्यांना कुठला काप कोणत्या गटातल्या रुग्णाचा आणि त्याचं पुढे काय झालं, हे ठाऊक नव्हतं.

तपासणीही प्रश्नाला साजेशी निवडली. पूर्ण जनुक वाचायचा अट्टहास केला नाही. बाराव्या-तेराव्या कोडॉनमधले नेमके सात बदल शोधणारी, छोट्या तुकड्यांवर चालणारी पीसीआर पद्धत वापरली. तुटलेल्या डीएनएला झेपेल एवढंच विचारलं. याची दुसरी बाजू नंतर ब्रिटनमध्ये दिसली. एक लाख जीनोमच्या राष्ट्रीय प्रकल्पात गाठींचा संपूर्ण जीनोम वाचायचा होता. तिथे फॉर्मेलिनमधली ऊती पुरी पडेना, म्हणून ताजी गोठवलेली ऊती घेण्याकडे वळावं लागलं.

काय निष्पन्न झालं

४६३ पैकी ४२७ रुग्णांचं, म्हणजे ९२ टक्क्यांचं केरास कळलं. या प्रकारच्या कामात हा आकडा थक्क करणारा आहे आणि त्याचं श्रेय त्या चुकीच्या ईजीएफआर अटीला जातं. ती नसती तर बहुतेकांची ऊती आपापल्या गावच्या रुग्णालयांतच राहिली असती.

४३ टक्के गाठींत बदल सापडला. बदल नसलेल्यांत आजार पुढे सरकण्याचा मध्यक काळ औषधाने १२.३ आठवडे, औषधाविना ७.३. बदल असलेल्यांत ७.४ आणि ७.३. औषध लागू पडलेले रुग्ण पहिल्या गटात १७ टक्के, दुसऱ्यात शून्य. मूळ निकालातला तो अर्धवट फायदा खरं तर एका गटातला बऱ्यापैकी फायदा आणि दुसऱ्या गटातलं शून्य यांची सरमिसळ होती.

ही माहिती पुढे आल्यावर युरोपच्या समितीने फेरविचार केला. सप्टेंबर २००७ मध्ये अनुकूल मत आलं आणि डिसेंबरमध्ये सशर्त परवानगी मिळाली, पण केरासमध्ये बदल नसलेल्या रुग्णांपुरतीच. नकार दिलेलं औषध कपाटातल्या ऊतीच्या जोरावर मंजूर झालं.

अमेरिकेत गाडी हळू चालली. मागे वळून केलेल्या विश्लेषणावर लेबल (औषध कोणाला द्यायचं ही अधिकृत सूचना) बदलायचं का, यावर एफडीएच्या सल्लागार समितीत डिसेंबर २००८ मध्ये खल झाला. तोवर सेटुक्सिमॅबच्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलचे ब्लॉकही तपासून झाले होते. तिथे ५७२ पैकी ३९४ रुग्णांची ऊती मिळाली, म्हणजे ६९ टक्के. त्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला नंतर औषध देण्याची मुभा नव्हती, म्हणून आयुर्मानाचं उत्तरही मिळालं: केरास न बदललेल्यांत औषधाने ९.५ महिने, औषधाविना ४.८. बदललेल्यांत फरक नाही. वेगळं औषध, वेगळे रुग्ण, वेगळी प्रयोगशाळा आणि उत्तर तेच. जुलै २००९ मध्ये दोन्ही औषधांची लेबलं बदलली.

त्याच वर्षी रिचर्ड सायमन, सूनम्यंग पाइक आणि डॅनियल हेज यांनी अशा कामाचे निकष मांडले: पुरेशा रुग्णांची ऊती हवी, तपासणी आधीच पारखलेली हवी, आराखडा आधी लिहिलेला हवा आणि निकाल दुसऱ्या ट्रायलच्या ऊतीवर पुन्हा मिळायला हवा. माझ्या मते यातला शेवटचा निकष सर्वांत जास्त वेळा विसरला जातो.

ऊती गोळा करण्याबाबत आणखी एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. सेटुक्सिमॅबच्याच एका मोठ्या ट्रायलमध्ये पहिल्या फेरीला ४५ टक्के रुग्णांचंच केरास कळलं. नंतर आणखी नमुने मिळवले गेले, अगदी स्टेन केलेल्या जुन्या स्लाइडवरूनही डीएनए काढला आणि प्रमाण ८९ टक्क्यांवर नेलं. रंगवून झालेली स्लाइड ही निदानाची नोंद म्हणून जपतात. ती डीएनएचाही साठा आहे, हे तिथे कामी आलं.

पुन्हा त्याच ऊतीकडे

प्रकरण २००९ मध्ये संपलं असं वाटलं होतं. पण केरास 'न बदललेल्या' रुग्णांतही पुष्कळांना औषध लागू पडत नव्हतं. पॅनिटुमुमॅब आणि केमोथेरपी एकत्र देणाऱ्या ११८३ रुग्णांच्या ट्रायलची ऊती पुन्हा काढली गेली. या वेळी केरासचे इतर भाग आणि त्याचं भावंड एनरासही तपासलं. २०१३ मध्ये निकाल आला: आधी बदल नाही म्हणून गणलेल्या रुग्णांपैकी १७ टक्क्यांत दुसरीकडे बदल होता आणि त्यांना औषधाचा फायदा तर नव्हताच, उलट तोटा होत असल्याचं दिसत होतं. कुठल्याच रासमध्ये बदल नसलेल्यांत मात्र मध्यक आयुर्मान २०.२ वरून २६ महिन्यांवर गेलं. त्यानंतर तपासणी 'केरास'ची न राहता संपूर्ण 'रास'ची झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच फेरीत एनरास का तपासलं नाही, हा प्रश्न आज सोपा वाटतो. तेव्हा एका कापातून मोजकाच डीएनए निघायचा, प्रत्येक तपासणी वेगळी करावी लागायची आणि हे बदल विरळ असल्याने ४२७ रुग्णांत आकडे फार लहान आले असते. तरीही मला वाटतं, उरलेला डीएनए जपून ठेवून पुढच्या प्रश्नाची तारीख तेव्हाच ठरवायला हवी होती. मधल्या काळात साधारण सहातल्या एका 'पात्र' रुग्णाला निरुपयोगी, कदाचित घातक औषध मिळत राहिलं.

दुसरी उणीव आजही भरून निघालेली नाही. ईजीएफआरचा डाग न दिसलेले रुग्ण ट्रायलमध्ये आलेच नाहीत, त्यामुळे त्यांची ऊती त्या साठ्यात नाही. प्रवेशाच्या अटीत जी चूक होती ती साठ्यातही उतरली. कितीही चांगली तपासणी केली तरी न आलेल्या माणसांबद्दल तो साठा काही सांगू शकत नाही.

तिसरं म्हणजे, ऊती मिळणं योगायोगावर सोडायला नको होतं. एखाद्या विशिष्ट स्टेनसाठी नव्हे, तर 'पुढे पडणाऱ्या प्रश्नांसाठी' म्हणून प्रत्येक रुग्णाकडून सुरुवातीलाच संमतीसह ऊती घेणं, हे नंतरच्या ट्रायलमध्ये रुळत गेलं.

आपल्याकडे

हे सगळं दूरचं वाटेल, पण मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयात नातेवाइकांच्या हातातल्या प्लास्टिकच्या डबीत असतं ते हेच. तालुक्याच्या गावी ऑपरेशन झालं, 'ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या' असं सांगितलं, म्हणून एस्टीने आणलेला तो ब्लॉक. त्यावर रासची तपासणी होणार आणि तिच्यावरून महागडं औषध द्यायचं की नाही ते ठरणार. या तपासणीचं भवितव्य बऱ्याचदा गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्येच ठरलेलं असतं. आतडं न उघडता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलं, फॉर्मेलिन वरवर शिंपडल्याएवढंच घातलं, बरणी सोमवारपर्यंत तशीच राहिली, तर आतला भाग कुजतो आणि बाहेरचा कडक होतो. १० टक्के बफर केलेलं फॉर्मेलिन, ऊतीच्या किमान दहापट, आतडं उघडून, सहा ते बहात्तर तासांच्या आत पुढची प्रक्रिया: यात खर्चिक काही नाही.

संशोधनासाठी हेच ब्लॉक वापरायचे असतील तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. निदानानंतर उरलेली, ओळख काढून टाकलेली ऊती असेल तर एथिक्स कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते. ते ठरवण्याचा अधिकार कमिटीचा, संशोधकाचा नव्हे. वर सांगितलेल्या रासच्या तपासणीत गाठीपुरता बदल शोधला जातो. पण त्याच ब्लॉकमध्ये निरोगी पेशीही असतात आणि मोठं पॅनल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) लावलं तर मुलाबाळांत उतरणारा बदलही समोर येऊ शकतो, आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोमसारखा. ओळख काढून टाकल्यावर कुटुंबाला कळवायची वाट बंद होते. ओळख ठेवली तर संमतीचा प्रश्न उभा राहतो. हे आराखड्यात आधीच लिहून कमिटीपुढे ठेवावं लागतं, निकाल आल्यावर नाही.

आणि ब्लॉक संपतो. प्रत्येक तपासणीला काही काप जातात, ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर चढवला की पृष्ठभाग सपाट करताना आणखी ऊती वाया जाते. रुग्ण जिवंत असेल तर शेवटचे काप त्याच्या उपचारासाठी राखून ठेवायचे आणि तेवढी जाडी उरली नसेल तर संशोधकाला नाही म्हणायचं, हे काम पॅथॉलॉजिस्टचं आहे.